रॅम्पवर ट्रेलर तरंगायला लागला तर

बोटीचा ट्रेलर लोखंडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, वजन दोन-तीनशे किलो, आणि तरी तो पाण्यात तरंगतो. सगळाच्या सगळा नाही. पुढचं टोक गाडीच्या हिचला, म्हणजे मागच्या जोडणीच्या गोळ्याला, अडकलेलं असतं, ते कुठे जात नाही. पण मागची चाकं रॅम्पचं, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उताराचं, काँक्रीट सोडतात, शेपटाकडचा भाग उचलला जातो आणि वारा किंवा प्रवाह नेईल तिकडे ट्रेलर हळूहळू फिरायला लागतो. नव्याने बोट घेतलेल्या माणसाला हा प्रकार बहुधा संध्याकाळी भेटतो. बोट परत चढवायची असते, मागे चार गाड्या रांगेत थांबलेल्या असतात, आणि ज्याच्यावर बोट बसवायची तो ट्रेलरच एका जागी राहायला तयार नसतो.

आपल्याकडे घरची बोट ट्रेलरवर घालून तळ्यावर न्यायची पद्धत फारशी नाही, त्यामुळे या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून कानावर पडत नाहीत. अमेरिकेत आलेल्या, अटलांटाजवळ लेक लॅनिअर किंवा ऑस्टिनजवळ लेक ट्रॅव्हिस हाताशी असल्यामुळे पाच-साडेपाच मीटरची मोटरबोट घेऊन बसलेल्या मराठी मंडळींना त्या रॅम्पवरच शिकाव्या लागतात. रॅम्पवर सल्ला देणारे चिकार भेटतात. त्यातला निम्मा सल्ला 'ट्रेलरवर वजन टाका' एवढाच असतो. वजन टाकावं लागतंही कधीकधी, पण तो शेवटचा उपाय आहे. आधी ट्रेलर तरंगतो कशामुळे ते पाहू.

आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिला वरच्या दिशेने रेटा मिळतो. गोड्या पाण्यात हिशेब सोपा, एका लिटरला एक किलो. मग ट्रेलरचा कोणता भाग सर्वांत जास्त पाणी बाजूला सारतो? बघणाऱ्याला वाटतं चौकट, कारण तीच मोठी दिसते. खरं उत्तर टायर.

मध्यम आकाराच्या ट्रेलरना अमेरिकेत सर्रास एसटी २०५/७५ आर१४ या मापाचा टायर असतो. रुंदी २०५ मिलिमीटर, रिम १४ इंची, बाहेरचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर. असा टायर पूर्ण बुडाला की साधारण ४५ ते ५० लिटर पाणी बाजूला सारतो. लोखंडी रिमसकट त्याचं वजन मात्र १८ किलोच्या आसपास. म्हणजे प्रत्येक चाक ट्रेलरला जवळजवळ ३० किलोंनी वर ढकलतं. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोरांच्या कमरेला ट्यूब अडकवतात ना, तशा दोन किंवा चार ट्यूबा ट्रेलरने कायमच्याच घातलेल्या असतात.

आता पूर्ण ट्रेलरचा ढोबळ हिशेब मांडू. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या ट्रेलरचे थोडे वेगळे निघतील. एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचा ट्रेलर, ॲल्युमिनियमची चौकट १०० किलो. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, म्हणून पाण्यात तिचं वजन ६३ किलोच लागतं. ॲक्सल, स्प्रिंगा, ब्रेक हे सगळं लोखंड ६० किलो. ॲक्सलची नळी आतून पोकळ आणि बंद असते हे धरलं, तर पाण्यात ४७. या दोन्ही मिळून ११० किलो खाली दाबतात. आता उलट बाजू. दोन चाकांचं वजन ३६ किलो, बाजूला सारलेलं पाणी ९४ लिटर, म्हणजे ५८ किलो वर. बोट ज्या गालिचा ठोकलेल्या दोन लांब लाकडी फळ्यांवर बसते, ज्यांना बंक म्हणतात, त्यांचं वजन २४ किलो आणि आकारमान ४० लिटर, म्हणजे आणखी १६ किलो वर. ११० मधून ७४ गेले, राहिले ३६. कोरड्या जागी २२० किलो भरणारा ट्रेलर पूर्ण बुडाल्यावर रॅम्पवर ३६ किलोंनी टेकलेला असतो. शेवाळलेल्या काँक्रीटवर एवढ्या वजनाला पकड कसली राहणार? कडेने आलेल्या एखाद्या लाटेला तो सरकवायला फार जोर लागत नाही.

याच हिशेबाला दुसरा ॲक्सल जोडून पाहा. जमिनीवर ट्रेलर ९६ किलोंनी जड होतो. पाण्यात मात्र नव्या लोखंडाचे ४७ किलो खाली आणि नव्या दोन चाकांचे ५८ किलो वर, म्हणजे तो ११ किलोंनी हलका होतो. दोन ॲक्सलचा दणकट दिसणारा ट्रेलर एका ॲक्सलच्या ट्रेलरपेक्षा जास्त तरंगतो ही तक्रार म्हणूनच खरी असते, बोलणाऱ्याचा भ्रम नव्हे. आणि समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे तिथे आणखी चार-पाच किलो जातात. तळ्यात जेमतेम टेकणारा ट्रेलर खाडीत गेल्यावर उचलला जातो तो यामुळे.

हिशेबात मी सोयीसाठी सगळा ट्रेलर बुडालेला धरला. प्रत्यक्षात हिचला जोडणारा पुढचा दांडा आणि बोट ओढून घ्यायच्या रहाटाचा, म्हणजे विंचचा, खांब पाण्याबाहेर असतात आणि हिचचा गोळा त्या टोकाला धरून ठेवतो. त्यामुळे ट्रेलर त्या गोळ्याभोवती वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो. चाकं गोळ्यापासून लांब, मागच्या बाजूला असतात. म्हणून त्यांचा वरचा रेटा कागदावर दिसतो त्याहून जास्त परिणाम करतो.

बोट बांधलेली असताना तरंगणं वेगळं

रिकामा ट्रेलर तरंगला तर त्रास होतो, वेळ जातो, बोटीला चरा पडतो. बोट घट्ट बांधलेली असताना ट्रेलर तरंगला तर गाडी पाण्यात जाऊ शकते. दोन्ही गोष्टींना लोक एकाच नावाने ओळखतात, पण यांची जातकुळी वेगळी.

रस्त्यावर नेताना बोटीचा मागचा भाग ट्रेलरला पट्ट्यांनी आवळलेला असतो. रॅम्पवर उतरण्याआधी हे पट्टे सोडायचे राहिले, आणि गाडी मागे घेत नेली, की हजार-बाराशे किलोंची बोट तरंगायला लागते. तरंगणाऱ्या बोटीला पाण्यात ३६ किलो भरणारा ट्रेलर काय जड? ती त्याला सहज उचलते. इथवर ठीक; पण ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या टोकावर जे वजन टाकत असतो तेही त्याबरोबर कमी होतं, आणि बोट अजून वर आली तर हिच गाडीचा मागचा भाग वर ओढायला लागते. बहुतेक गाड्यांचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असतो. नेमकी तीच चाकं ओल्या, शेवाळलेल्या उतारावर हलकी होतात. गाडी पार्कमध्ये, ब्रेक लावलेला, आणि तरी ती घसरत मागे जाते.

म्हणून मागचे पट्टे रॅम्पच्या वरच, तयारीच्या जागेत सोडायचे, पाण्याजवळ आल्यावर नाही. पुढचा विंचचा पट्टा आणि सुरक्षा साखळी मात्र बोट पाण्याला लागेपर्यंत राहू द्यायची, नाहीतर बोट काँक्रीटवरच उतरते, विशेषतः बंकांऐवजी फिरते रोलर असलेल्या ट्रेलरवरून. साखळी सर्वांत शेवटी, दोरी कुणाच्या तरी हातात असताना. मागे घेताना गाडीत चालवणारा सोडून कुणी नको, लहान मुलं तर मुळीच नकोत. काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला. उतरावं लागलं तर चाकाखाली ठोकळा.

खोली हाच पहिला उपाय

तरंगणाऱ्या ट्रेलरची चौकशी केली तर दहापैकी बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा खोल नेलेला असतो. कारण समजण्यासारखं आहे. बोट सोडताना ट्रेलर जितका खोल, तितकी ती सहज सुटते. तीच खूण डोक्यात राहते, आणि संध्याकाळी बोट चढवतानाही ट्रेलर तितकाच खोल नेला जातो. चढवताना उलट हवं असतं. ट्रेलर उथळ असला तर बोटीचा तळ बंकना लवकर टेकतो, बंकच तिला मधोमध आणतात, आणि शेवटचा अर्धा-एक मीटर विंचने ओढून घ्यायचा असतो. ट्रेलर खोल असेल तर बोट बंकांच्या वर नुसती पोहत राहते. ती मधोमध बसलीय असं वाटतं आणि बाहेर ओढल्यावर कळतं की एका बाजूला कलली आहे.

रॅम्प किती उताराचा असावा याचा अमेरिकेतला प्रचलित मापदंड १२ ते १५ टक्के आहे. १४ टक्के धरला तर गाडी एक मीटर पुढे घेतल्यावर ट्रेलर १४ सेंटिमीटर वर येतो. ६६ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा वरचा १४ सेंटिमीटर भाग उघडा पडला की एका टायरमागे सुमारे १० लिटर पाणी बाजूला सारणं थांबतं. दोन टायर, २० किलो. आपला ३६ किलोंनी टेकलेला ट्रेलर ५६ किलोंनी टेकला. आणखी एक मीटर पुढे, आणि आकडा ७५च्या घरात जातो, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. बंकांचा पुढचा भाग बाहेर आल्याचा फायदा यात धरलेलाच नाही. एवढा फरक पडायला ना ड्रिल लागलं ना लोखंड.

फक्त, किती मीटर हे रॅम्प बघून ठरवता येत नाही, कारण प्रत्येक रॅम्पचा उतार वेगळा आणि पाण्याची पातळीही रोज वेगळी. खूण ट्रेलरवरच करायला हवी. गर्दी नसलेल्या दिवशी रिकामा ट्रेलर हळूहळू मागे घ्या. डॉकवर, म्हणजे रॅम्पलगतच्या धक्क्यावर, उभ्या असलेल्या माणसाने बोटहुकने किंवा पायाने ट्रेलरचा मागचा उभा खांब आडवा ढकलत राहायचं. ज्या क्षणी तो सहज हलायला लागेल, तिथे पाण्याची रेघ खांबावर कुठे आली ते पाहून तिथे रंगीत टेप चिकटवायची. बोट चढवताना टेप नेहमी पाण्याच्या वर राहिली पाहिजे. गाडीतल्या माणसाला ती आरशात दिसते, हा आणखी एक फायदा. खांब नसतील तर मडगार्डवर खूण करा. बंकवाल्या ट्रेलरला चढवताना मडगार्डचा वरचा भाग पाण्याच्या थोडा बाहेर असणं ही बहुतेकांना लागू पडणारी सुरुवात आहे. तिथून पुढे-मागे करत आपली जागा सापडते.

एक बारीक गोष्ट. गालिचा कोरडा असला तर बोट त्यावर अडखळते, मग माणूस ट्रेलर खोल न्यायचा मोह करतो. आधी ट्रेलर एकदा खोल बुडवून गालिचा ओला करायचा आणि मग खुणेपर्यंत पुढे घ्यायचा. मागे थांबलेल्यांना हे पुढे-मागे करणं उगाचचं वाटतं. वाटू द्या.

खोलीचा हा उपाय जिथे चालत नाही अशा जागा आहेत. रॅम्पचा उतार आठ टक्क्यांसारखा कमी असेल तर बोट तरंगण्याइतकी खोली मिळायला ट्रेलर फार मागे न्यावा लागतो, गाडीची मागची चाकं पाण्यात जातात, आणि ट्रेलर एव्हाना पूर्ण बुडालेला असतो. दुष्काळात तर रॅम्पच संपतो. नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडची पातळी २०२२च्या उन्हाळ्यात सुमारे १,०४० फुटांवर आली. १९३७ साली तलाव भरत होता, तेव्हापासूनची ही सर्वांत खालची पातळी. एक हेमनवे हार्बर सोडलं तर तिथले रॅम्प तेव्हा बंद होते. समुद्राकाठी हेच रोज दोनदा घडतं. सिएटलला दिवसातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पाण्यात सरासरी साडेतीन मीटरचा फरक असतो. भरतीला मिळणारा रॅम्प आणि ओहोटीला मिळणारा रॅम्प एकच म्हणवत नाही. खालचा भाग शेवाळाने निसरडा, त्यात काँक्रीट कुठे संपतं ते दिसत नाही. अशा ठिकाणी भरतीची वेळ बघून जाणं हे ट्रेलरवर केलेल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा जास्त कामाचं.

काँक्रीट संपतं तिथला खड्डा बहुतेक वेळा बोटवाल्यांनीच खणलेला असतो. ट्रेलर हलतोय, बोट नीट बसत नाहीये, म्हणून माणूस इंजिनचा जोर वाढवून बोट ट्रेलरवर रेटतो. याला पॉवर लोडिंग म्हणतात. पंख्याने फेकलेलं पाणी रॅम्पच्या टोकाखालची माती उकरतं आणि थोडं मागे तिचा ढीग घालतं. पुढच्या कुणाची तरी चाकं त्या खड्ड्यात जातात आणि काँक्रीटच्या कडेला ॲक्सल अडकतो. म्हणून पुष्कळ रॅम्पवर पॉवर लोडिंगला मनाई असते. तरंगणारा ट्रेलर आणि हा खड्डा यांचं नातं असं जवळचं आहे.

अडकलेली हवा

खोली सांभाळूनही ट्रेलर उचलला जात असेल तर मग ट्रेलरकडे बघायचं. टायरमधली हवा काढता येत नाही, पण चौकटीत विनाकारण अडकलेली हवा काढता येते.

७५ मिलिमीटरची चौकोनी लोखंडी नळी घ्या, पत्रा ३ मिलिमीटर जाडीचा. एका मीटरचं वजन पावणेसात किलो. दोन्ही टोकं बंद असतील तर ती ५.६ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे पाण्यात तिचं वजन एका मीटरमागे एक किलोच्या थोडं वर उरतं. तीच नळी उघडी, आत पाणी शिरलेलं, तर फक्त लोखंडाच्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारलं जातं आणि सहा किलोच्या जवळ वजन उरतं. मीटरला पावणेपाच किलोंचा फरक. पाण्यात जाणारी नळी आठ मीटर असेल तर ३८ किलो, तेही फुकटात. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरना बहुतेक वेळा आय आकाराचे उघडे तुळे असतात, त्यांच्यात हवा अडकायला जागाच नाही. तिथे हा उपाय शोधत बसू नका. त्याऐवजी मडगार्ड बघा. काही प्लॅस्टिकचे मडगार्ड आतून पोकळ असतात.

गॅल्व्हनाइज केलेल्या लोखंडी चौकटीला भोकं आधीच असतात. ती बोटवाल्यांची सोय म्हणून पाडलेली नसतात. चौकट सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. नळी बंद असेल आणि आत ओल असेल तर वाफेने ती फुटू शकते, शिवाय जस्त आत शिरून बाहेर यायलाही वाट लागते. अशा ट्रेलरचं भोक चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजलेलं असतं, एवढाच काय तो दोष. तार घालून साफ केलं की झालं. रंगवलेल्या चौकटीचं तसं नाही. तिच्या टोकांना प्लॅस्टिकची बुचं असतात. आधी मागची बुचं काढून पाहा, ड्रिल उचलण्याची घाई नको.

भोक पाडावंच लागलं तर एक भोक पुरत नाही. पाणी शिरायला खाली, आणि हवा निघायला वर. रॅम्पवर ट्रेलर पुढच्या बाजूला चढता असतो, म्हणून हवा पुढे जाऊन साठते. हवेचं भोक पुढे आणि वरच्या अंगाला लागतं. जोडाच्या वेल्डिंगजवळ किंवा जिथे ॲक्सलच्या स्प्रिंगा चौकटीला जोडल्या आहेत तिथे ड्रिल लावू नये, आणि नळीच्या मधल्या लांबीत वरच्या-खालच्या पृष्ठभागावर मोठी भोकं पाडू नयेत, कारण वाकवणारा ताण तिथेच जास्त येतो. बाजूच्या पत्र्यात, टोकाजवळ, १० ते १२ मिलिमीटरचं भोक पुष्कळ झालं. उत्पादकाला विचारून केलेलं बरं. उघड्या पडलेल्या कडेला जस्ताचा रंग लावायचा. आणि ट्रेलर खाऱ्या पाण्यात जाणार असेल तर रंगवलेली नळी उघडूच नये, असं माझं मत. बाहेरून रंग दिसत राहतो आणि आतून गंज चौकट खात राहतो.

आत पाणी घेणाऱ्या ट्रेलरची एक जबाबदारी असते, आणि अमेरिकेत ती कायद्याने तुमच्यावर येते. झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले १९८०च्या दशकात ग्रेट लेक्समध्ये पोचले आणि तिथून तळ्या-तळ्यांत पसरले. त्यांचे भाऊबंद क्वागा मसल जानेवारी २००७ मध्ये लेक मीडमध्ये सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाण्याच्या थेंबांतून प्रवास करतात. एका तळ्याचं पाणी नळीत भरून दुसऱ्या तळ्यावर नेणारा ट्रेलर त्यांना सोयीची गाडीच पुरवतो. टेक्ससमध्ये २०१४पासून राज्यभर, तळं सोडताना बोटीतलं आणि साधनांमधलं पाणी काढून टाकणं बंधनकारक आहे. इतर अनेक राज्यांत असेच नियम आहेत. म्हणून खालचं भोक नळीच्या खरोखरच सर्वांत खालच्या जागी हवं. रॅम्पवरून वर आल्यावर सपाट जागी ट्रेलर उभा करून धार थांबेपर्यंत थांबायचं, नंतर दांडा वर उचलून पाहायचं की अजून काही येतंय का. दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी निदान पाच दिवस सुकू द्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो.

वजन टाकायचंच असेल तर

हे सगळं करूनही खाऱ्या पाण्यातला दोन ॲक्सलचा ॲल्युमिनियम ट्रेलर हट्टाने तरंगू शकतो. तेव्हा वजन. पाण्यात ४० किलो कमाई हवी असेल तर लोखंड ४६ किलो लागतं, शिसं ४४, आणि काँक्रीट जवळपास ६९, कारण काँक्रीट पाण्यात आपलं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गमावतं. काँक्रीटचे ठोकळे स्वस्त दिसतात, पण रस्त्यावर ते ६९ किलोंनीच लागतात आणि ट्रेलरच्या वजन वाहण्याच्या मर्यादेतून तेवढे किलो जातात. बोट, इंजिन, इंधन, बॅटरी मिळून आधीच मर्यादेला टेकलेल्या ट्रेलरवर हे परवडत नाही.

वजन कुठे टाकायचं हा प्रश्न किती टाकायचं याहून मोठा. सर्वांत जास्त उचलला जाणारा भाग अगदी मागचा, म्हणून लोक मागच्या आडव्या तुळईला लोखंड बांधतात. रॅम्पवर ते चालतं. महामार्गावर मात्र ॲक्सलच्या मागे टाकलेलं वजन दांड्याचं गाडीवरचं वजन कमी करतं. ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असायला हवं. ते बरंच घटलं की ट्रेलर वेगात असताना शेपूट हलवायला लागतो आणि गाडीला आपल्याबरोबर झोकांड्या खायला लावतो. म्हणून लोखंडाच्या पट्ट्या ॲक्सलच्या जवळ, शक्य तितक्या खाली, बोल्टने आवळून. दोरीने किंवा झिप टायने बांधलेलं लोखंड रस्त्यावर निसटलं तर मागच्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको.

टायरमध्ये पाणी भरण्याची कल्पना आपल्या लोकांना पटकन सुचते, कारण शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ट्रॅक्टर नांगरताना ताशी पाच-सात किलोमीटर वेगाने चालतो. ट्रेलरचा टायर ताशी शंभर किलोमीटरने फिरतो; आत डुचमळणारं पाणी चाकाचा तोल घालवतं, आणि भरलेलं सगळं वजन त्याच छोट्या टायरच्या आणि बेअरिंगच्या माथी बसतं. हे करू नये.

मागे उभे केलेले खांब, ज्यांच्यावर प्लॅस्टिकचा पाइप चढवलेला असतो, ते तरंगणं थांबवत नाहीत. पण बुडालेला ट्रेलर कुठे आहे ते दाखवतात, बोटीला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि डॉकवरच्या माणसाला दोरी बांधायला जागा देतात. नदीत किंवा खाडीत प्रवाह आडवा असेल तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभं राहून मागच्या खांबाची दोरी ताणून धरायची, बस. ताशी दोन-तीन किलोमीटरच्या प्रवाहाला एवढा आधार सहसा पुरतो. रोलरवाल्या ट्रेलरला खोली मुळातच कमी लागते. कोकणात लाकडी ओंडक्यांवरून होडी वर ओढतात त्यामागचं तत्त्वही तेच, होडी तरंगवायची गरज नाही, ती सरकली की झालं.

कीलवाल्या शिडाच्या बोटींचं दुखणं मात्र वेगळं. तळाखाली मीटर-सव्वा मीटर खोल, पात्यासारखी कील असते, त्यामुळे ट्रेलर खोल नेण्याला पर्याय नाही. तिथे दांडा लांबवतात, किंवा ट्रेलर हिचवरून सोडून पुढे चाक लावतात आणि जाड पट्ट्याच्या आधाराने रॅम्पवरून खाली सोडतात. आता पुढचं टोकही मोकळं, धरायला फक्त पट्टा. अशा ट्रेलरला भरीव लोखंडी वजन आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या धरणारी माणसं लागतातच, आणि हिच सोडण्याआधी पट्टा गाडीला बांधलेला आहे ना हे दोघांनी वेगवेगळं तपासायचं.

ट्रेलर अजून घ्यायचा असेल तर विक्रेत्याला दोन-तीन प्रश्न विचारून ठेवा. चौकट नळीची की उघड्या तुळ्यांची? नळीची असेल तर पाणी शिरायला आणि निघायला भोकं कुठे आहेत, दाखवा. एक ॲक्सल माझ्या बोटीचं वजन पेलत असेल तर दुसरा कशाला? शेवटच्या प्रश्नावर विक्रेता टायर फुटल्यावरची सुरक्षितता सांगेल, आणि ते खरंही आहे. लांब महामार्गावर नेहमी जाणाऱ्याने दोन ॲक्सल घ्यावेत आणि रॅम्पवर टेपची खूण सांभाळावी. घरापासून वीस मिनिटांवरच्या तळ्यावरच जाणाऱ्याला एका ॲक्सलचा, गॅल्व्हनाइज केलेल्या लोखंडाचा ट्रेलर पुरतो.